चौथ्या मजल्यावरचे फिलेमॉन आणि बॉकिस

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई

काल व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प गुंफलं. घसा बसला आहे, पण उत्साह असा की सकाळी चहाच्या आधी वही उघडली.

शाळेचा हॉल भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. विषय ग्रीक आणि रोमन पुराणकथा, तीन शनिवार. इथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह प्रसन्न महिनाभर मागे लागला होता, "गोपीनाथसर, झ्यूस-बिस कोण ऐकणार? आपला इतिहास घ्या, हॉल पॅक होतो." मी हटलो नाही. ज्या देशात एका लिफ्टमधून सात भाषा वर जातात, तिथे तरी आपण दुसऱ्याच्या पुराणासमोर मांडी घालून बसायला शिकलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

कथा घेतली फिलेमॉन आणि बॉकिसची. देवांचा राजा झ्यूस आणि त्याचा दूत हर्मिस दमलेल्या वाटसरूंच्या वेशात एका गावात येतात. हजार दारं ठोठावतात, हजार दारं बंद. गावाच्या टोकाला एक गवताची झोपडी, तिथे म्हातारा फिलेमॉन आणि त्याची बायको बॉकिस. ती दोघं परक्यांना आत घेतात, पाय धुवायला कोमट पाणी देतात, टेबल डगमगतं म्हणून त्याच्या एका पायाखाली खापरी सरकवतात. मद्याची सुरई कितीही ओतली तरी रिकामी होईना, तेव्हा त्यांना कळतं की पाहुणे कोण आहेत. मग देव सगळं गाव पाण्याखाली घालतात आणि त्या झोपडीचं देऊळ करतात.

त्या खापरीपाशी सभा माझ्या मुठीत आली. तपशील द्यावा लागतो! आणि तपशिलानंतर जिवंत उदाहरण. पुराण आणि आजचा माणूस यांची गाठ घातली नाही तर व्याख्यान म्हणजे नुसती पोपटपंची.

मी म्हणालो, "मित्रहो, ही माणसं तीन हजार वर्षांपूर्वी मेली नाहीत. ती अजमानला राहतात. नुऐमियात, निळ्या काचांची इमारत, खाली लाँड्री, चौथा मजला. एका बेडरूमचं घर. भाडेपट्ट्यावर नावं दोन, पण काल तिथे किती गाद्या पडल्या ते विचारा! कंपनी बंद पडलेले म्हसळ्याचे यहयाभाई तिथे आहेत. नोकरी शोधायला आलेली इचलकरंजीची नर्स अस्मिता तिथे आहे. कोणी धर्म विचारला नाही, कोणी कागद विचारला नाही. आणि ते यजमान आज याच सभागृहात बसले आहेत. तय्यबभाई, हाफिजाभाभी, उभे राहा!"

तय्यबभाई अर्धवट उठले, हात जोडले. हाफिजाभाभी मान खाली घालून बसल्या होत्या. मी गर्जलो, "बॉकिसशिवाय फिलेमॉन अपुरा आहे!" टाळ्या थांबेनात, तेव्हा त्या उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी व्यासपीठावरून पाहिलं. त्या पाण्यासाठीच माणूस बोलतो.

चहाला मात्र दोघंही थांबली नाहीत. अजमानचा रस्ता लांबचा.

गाडीत विद्युल्लता म्हणाली, "तू स्वतः त्यांच्याकडे अकरा आठवडे राहिला होतास. ते नाही सांगितलंस."

"ओघ तुटला असता गं," मी म्हटलं. बायकोला वक्तृत्वातलं कळत नाही असं नाही, पण तिला चुकीच्या जागी बोट ठेवायची सवय आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रसन्नने त्या सहा मिनिटांची क्लिप केली आणि खाली इंग्रजी वाक्यंही टाकली, म्हणजे अमराठी लोकांनाही कळावं. सगळ्या ग्रुपांवर फिरते आहे. ऑफिसातल्या मल्याळी अकाउंटंटने मला थांबवून हात मिळवला. मी क्लिप तीनदा पाहिली. "अपुरा आहे" म्हणताना माझा उजवा हात जरा जास्त वर जातो.

जेवताना इशिता म्हणाली, "बाबा, यू आर ऑल ओव्हर व्हॉट्सॲप." मग ताटातलं चिवडत, "बट डिड यू आस्क देम?"

"कोणाला?"

"तय्यबकाका अँड हाफिजाकाकी. बिफोर सेइंग ऑल दॅट."

मी तिला समजावलं की चांगल्या माणसाचं नाव घ्यायला परवानगी लागत नाही, वाईटाचं घ्यायला हिंमत लागते. वाक्य बरं जमलं. ती म्हणाली, "ओके, बाबा," आणि ताट उचलून गेली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तय्यबभाईंचा फोन. आवाज जरा खोल होता.

"मास्तर, एक काम होतं. ती क्लिप काढता येईल का?"

"का हो?"

"नाही, असंच. हाफिजाला जरा बरं वाटत नाहीये."

ही माणसं किती संकोची! मी त्यांना चांगली वीस मिनिटं समजावलं. नम्रतासुद्धा एका मर्यादेनंतर स्वार्थ होते, आपल्या चांगुलपणावर समाजाचाही हक्क असतो, दोन जमातींत भिंती बांधणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर नाही. ते मधे मधे "हो, हो" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "बरं मास्तर. इन्शाल्ला, होईल ठीक." प्रसन्नला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी क्लिप आता कोणाच्या हातात राहिलेली नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी, दुपार



तय्यबभाईंच्या इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, याच्या मोबाइलवर क्लिप पोहोचली. त्याने ती इमारतीच्या ऑफिसात दाखवली. इंग्रजी वाक्यं होतीच. नुऐमिया, निळ्या काचा, लाँड्री, चौथा मजला, सगळं होतं. बुधवारी दोन माणसं येऊन गाद्या मोजून गेली. भाडेपट्ट्याबाहेरची माणसं, त्यात एक एकटी बाई, वर राहण्याचे कागद नसलेला पुरुष. अठ्ठावीस तारखेपर्यंत घर रिकामं करा, अशी नोटीस. म्हणजे गुरुवारी तय्यबभाईंनी मला फोन केला तेव्हा नोटीस त्यांच्या हातात होती. आणि मी नम्रतेवर बोलत होतो.

मला हे तय्यबभाईंनी नाही सांगितलं. अस्मिताने मेसेज केला, दोन ओळींचा, "सर" म्हणून.

ताबडतोब त्या ऑफिसला चार पानी पत्र लिहिलं. माणुसकीचा कायदा, आतिथ्याची अरबी परंपरा, सगळं. ते आजच व्यासपीठावरून वाचून दाखवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात हाफिजाभाभींचा फोन आला. त्या मला फोन करत नाहीत कधी.

"गोपीभाऊ, आज आमचं नाव घेऊ नका."

"भाभी, मी त्यांना उघडं पाडणार आहे!"

"आम्हीच उघडे पडू. नका घेऊ." आणि फोन ठेवला.

पत्र फाडलं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे. सहा वाजता दुसरं पुष्प.

रविवार, १६ फेब्रुवारी

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

कालचा विषय शापितांचा: सिसिफस, इक्सिऑन, टँटलस. सिसिफसचा धोंडा छान चढला, छान घरंगळला. मग टँटलस. पाण्यात हनुवटीपर्यंत उभा, प्यायला वाकला की पाणी ओसरतं, फळाला हात घातला की फांदी वर जाते. शिक्षा सगळ्यांना पाठ असते, म्हणून मी नेहमी गुन्ह्याकडे वळतो. त्याच्या गुन्ह्यांबद्दल एकमत नाही. त्यातला एक मला कायम आवडत आलेला. मी तोच घेतला.

मी म्हणालो, "टँटलस हा एकटा मर्त्य माणूस, ज्याला देवांनी आपल्या पंगतीला बसवलं. आणि त्याने काय केलं? ज्यांच्या घरी जेवला, त्यांच्या घरातलं बाहेर येऊन लोकांना"

इथे शब्द संपले. वाक्य तिथे होतं, क्रियापदही ठाऊक होतं. तोंडातून निघेना. समोर तिसऱ्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, गेल्या शनिवारी तिथे ती दोघं होती.

किती वेळ गेला माहीत नाही. विद्युल्लता म्हणते अर्धा मिनिट. सभेला वाटलं मी मुद्दाम थांबलो आहे. कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. माझ्या पस्तीस वर्षांच्या बोलण्यात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मी माइकवर "क्षमस्व" म्हणालो आणि खाली उतरलो. प्रसन्न कानात म्हणाला, "सर, काय पॉज घेतलात!"



सोमवार, १७ फेब्रुवारी

काल दुपारी विद्युल्लतेला घेऊन अजमानला गेलो. वाटेत माफीची वाक्यं मनात जुळवत होतो. तिसरं वाक्य फार सुंदर होतं, हे लिहिताना स्वतःचीच किळस येते, पण ते सुंदर होतं.

दार हाफिजाभाभींनी उघडलं. नेहमीसारखं पाणी दिलं, नेहमीसारखं "जेवणार ना?" विचारलं. हॉलमधला सोफा भिंतीला लावलेला, अस्मिताची पिशवी नव्हती. ती शारजाला कुठल्याशा हॉस्टेलवर गेली. तिच्या वडिलांनी क्लिप पाहून फोन केला होता, परक्यांच्या घरात राहतेस ते आम्हाला गावातून कळावं का, म्हणून. तिने घरी सांगितलं होतं की मैत्रिणीबरोबर आहे.

यहयाभाई उठून उभे राहिले. "साहेब, तुम्ही चांगलंच बोललात. माझं नाव पहिल्यांदा कोणी माइकवर घेतलं." ते मनापासून बोलत होते. त्यांचे कागद आता दूतावासात गेले आहेत, या महिन्यात परत जातील. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी सुरुवात केली, "भाभी, आज मी तुमच्यासमोर एका अपराध्यासारखा..."

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "भाषण नको."

तय्यबभाई हसले. "अगं, मास्तर आहेत ते. त्यांना दुसरं काय येतं?" थट्टा होती, जुनीच. मी हसू शकलो नाही.

भाभी भाजी निवडत बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. "त्या दिवशी टाळ्या वाजल्या ना, तेव्हा मला वाटलं भर रस्त्यात कोणी माझी ओढणी ओढली. तुम्ही मला उठवलंत. मी उठले, कारण सगळे बघत होते."

"मला वाटलं तुमच्या डोळ्यांत..."

"होतं पाणी. तुम्हाला कसलं वाटलं?"

त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली.

"दोन हजार नऊला तुमची नोकरी गेली तेव्हा तुम्ही इथं होता, अकरा आठवडे. रोज सूट घालून बाहेर पडायचात, खाली लाँड्रीवाल्याला वाटावं ऑफिसला चाललात. तुमच्या आईचा फोन यायचा, आमचे हे सांगायचे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. आम्ही कुणाला सांगितलं, गोपीभाऊ? तुमच्या बायकोलासुद्धा तुम्ही सांगेपर्यंत नाही सांगितलं."

विद्युल्लता खिडकीबाहेर बघत होती.

म्हणजे ओघ तुटला असता हे खोटं होतं. सांगायला लाज वाटली असती, हे खरं. माझी लाज मी झाकली आणि त्यांची चारशे लोकांसमोर उघडी केली, आणि त्याला मी त्यांचा सन्मान म्हणालो. माफीची तीनही वाक्यं तशीच परत घेऊन आलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

रजा टाकून इमारतीच्या ऑफिसात गेलो. व्यासपीठावरून कधी असत्य बोललो नाही, हा माझा आयुष्यभराचा ताठा. तिथे मी लिहून दिलं की भाषणातला प्रसंग काल्पनिक होता, परिणामासाठी रचलेला. खाली सही केली.

टेबलामागचा माणूस सभ्य होता. "सर, व्हेरी गुड स्पीच. माय वाइफ क्राइड. बट आम्ही गाद्या मोजल्या ना." कागद फाइलला लावला. "खलास झालं ते, सर. दुसरं घर बघायला सांगा त्यांना."

खोटं बोललो तेही उपयोगाचं नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

कालचं तिसरं पुष्प रद्द केलं. प्रसन्न भडकला. "हॉल बुक आहे सर, लोकांना काय सांगू?" त्याला सगळं सांगितलं, तर तो उलट आणखी पेटला. "सर, मग तर याच! स्टेजवरून अपील करू. तय्यबभाईंसाठी घर! तुम्ही पाच मिनिटं बोला, अख्खं दुबई उठेल. यल्ला, चला सर!"

खरं लिहायचं तर मी लगेच नाही म्हटलं नाही. फोन कानाला असतानाच मनात पहिलं वाक्य तयार झालं होतं. दुसरंही. मग तिसऱ्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्या दिसल्या आणि नाही म्हटलं.

दुपारी विद्युल्लतेने सांगितलं की तय्यबभाईंना नवं घर मिळालं आहे, पण किल्ली पंधरा मार्चला. मधले दोन आठवडे, तेही रमजानचे, तय्यबभाई कंपनीच्या कामगार-कॅम्पवर आणि भाभी शारजाला मावसबहिणीकडे. "आपली मागची खोली रिकामी आहे. विचारू का त्यांना?"

मी काय म्हणालो ते क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर मला ते सुंदर करता येणार नाही. घर कंपनीच्या नावावर आहे. राहणाऱ्यांची नावं ॲपवर नोंदवावी लागतात. इशिताची परीक्षा आहे. बाथरूम एकच धड आहे. त्यांनाच अवघड वाटेल.

इशिता आतून म्हणाली, "इट टेक्स फाइव्ह मिनिट्स ऑन द ॲप, बाबा."

विद्युल्लता उठून आत गेली. ती गेल्यावर मला ते गाव आठवलं. व्याख्यानात हजार दारं मी किती चवीने बंद केली होती, एकेका दारामागचं कारण वेगळ्या आवाजात, लोक हसले होते. कारणं याच जातीची होती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

व्याख्यानात वेळेअभावी कथेचा शेवट गाळला होता. देव त्या म्हाताऱ्यांना वर विचारतात. ती दोघं बाजूला जाऊन कुजबुजतात आणि परत येऊन एवढंच मागतात की आम्हाला एकमेकांपासून वेगळं होऊ देऊ नका. मी गाळला, कारण त्याच्या आधीचा पूर टाळ्यांना बरा होता.

लग्नाला बावीस वर्षं झाली, तय्यबभाई आणि भाभी एकही रमजान वेगळे राहिलेले नाहीत. हेही विद्युल्लतेला ठाऊक होतं, मला नव्हतं.

आज सकाळी मीच म्हटलं, विचार. तिने स्पीकरवर फोन लावला.

"हाफिजा, आमच्याकडे या दोघं. पंधरा दिवस."

पलीकडे पंखा चालू होता. "नको गं, विद्या."

"का?"

"तुमच्याकडे राहिलो तर गोपीभाऊ त्यावरही बोलतील."

मी तिथेच उभा होतो हे भाभींना माहीत नव्हतं. किंवा असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाचं ऑफिस संपवून अजमानला गेलो. एकटाच. बोलायला म्हणून गेलो नव्हतो, गाद्या उतरवायला गेलो होतो. सहा निघाल्या. दोघांच्या घरात सहा गाद्या. एकेक खांद्यावर घेऊन लिफ्टपर्यंत, मग खाली पिकअपपर्यंत. नातूर बाजूला उभा राहून बघत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. त्याने फक्त पुढे दाखवलं.

यहयाभाई परवा गेले. जाताना माझ्यासाठी सलाम ठेवून गेले, तय्यबभाई म्हणाले. त्याचं ओझं गाद्यांपेक्षा जास्त झालं.

चार वाजेपर्यंत घर मोकळं. भाभींनी फरशीवरून ओलं फडकं फिरवलं, सोडून जायच्या घराची फरशी! त्यांच्या दोन बॅगा दारात होत्या. एक कॅम्पला जाणारी, एक शारजाला. मी दोन्ही उचलल्या.

तय्यबभाई म्हणाले, "मास्तर, माझी इकडे ठेवा, कॅम्पची बस येईल."

मी म्हटलं, "घरी चला."

एवढंच. पुढचं आपोआप यायला लागलं होतं. दात आवळून उभा राहिलो. घाम डोळ्यांत जात होता आणि दोन्ही हातांत बॅगा होत्या, म्हणून पुसताही येत नव्हता. तय्यबभाईंनी भाभींकडे पाहिलं. त्या फडकं पिळत होत्या. पिळून झालं तरी पिळत राहिल्या.

"कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"मंडळात नाही, ऑफिसात नाही. दहा वर्षांनी नाही. आमची नावं बदलून गोष्ट म्हणूनसुद्धा नाही."

मान हलवली.

"आणि वहीत नाही, गोपीभाऊ. तुम्ही इथं होता तेव्हा बाल्कनीत बसून रोज लिहायचात. मला माहीत आहे तुम्हाला ते जमत नाही."

"जमवीन."

"उद्यापासून," त्या म्हणाल्या. "आज घाण झाली ती लिहा हवी तर."

म्हणून आज लिहिलं.

रविवार, २ मार्च

काल पहिला रोजा. संध्याकाळी सूर्य मावळायला आला तेव्हा आमच्या टेबलाशी

नाही.